सोडायला किती जण?

गोव्यातल्या मोपा विमानतळाचं या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो, ते पुढच्या अंकावर ढकलतोय. राजारामपुरीतल्या एका वाचकांचं पत्र आलंय. मुलगा शिकायला जर्मनीला निघालाय, विमान मुंबईहून, सहारवरून, रात्री दीडचं. घरातली सहा माणसं सोडायला जाणार. त्यांनी विचारलंय एवढंच, "एक मोठी गाडी पुरेल की दोन कराव्यात?"

गाडी करायचीच का, हा प्रश्न त्यांना पडलेलाच नाही. आपल्याकडे तो कुणालाच पडत नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावर सोडायला जाणं म्हणजे जेमतेम तासाभराचं काम, रिक्षानंही भागतं. पण छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 मध्ये सुरू केलेल्या या आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावरून अजून परदेशी विमान उडत नाही. म्हणजे मुंबई आली, आणि मुंबई म्हटलं की स्पेशल गाडी आली.

आता हिशेब. सात सीटची गाडी म्हणतो त्यात एक सीट ड्रायव्हरचं. तेवीस किलोच्या दोन बॅगा, केबिन बॅग आणि पाठीवरची सॅक आत घालायची तर मागचं सीट पाडावं लागतं. उरली माणसं चार. पोरगं आणि सोडणारे तिघं. पोरगं धरून सहा जण बसवायचेच म्हटलं तर बॅगा टपावर जातात, ताडपत्री आणि दोर येतो, आणि जर्मनीची पोरं निघतात नेमकी ऐन पावसात, सप्टेंबरच्या आसपास. खंबाटकीत ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडायला लागलं की सगळी गाडी त्या आवाजाकडं कान लावून बसते. (बॅगेत आजीनं सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घातल्या असतील तर आजच काढा. तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून 2022 पासून विमानाच्या सामानात त्यांना मनाई आहे. कांदा-लसूण मसाला मात्र खुशाल न्या, नीट सील करून.)

मुंबई विमानतळ इथून साधारण 380 किलोमीटर. भाडं जाऊन-येऊन, म्हणजे 760. किलोमीटरला 14 रुपये धरले तरी दहा हजार सहाशे चाळीस. वर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, मग एक्स्प्रेस वे, असे टोल दोन्ही वेळचे. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा.

पण माझी तक्रार पैशाची नाही. पोरगं आत जातं तेव्हा रात्रीचे साडेदहा-अकरा झालेले असतात. डोळे पुसून झाले की कुणीतरी म्हणतं, "आता कुठं थांबायचं, निघूया की. पहाटेपर्यंत घरात." बारा तास गाडीबरोबर असलेला ड्रायव्हर "चालतंय" म्हणतो, कारण मुक्काम केला तर उद्याचं भाडं बुडतं. लोणावळ्याच्या आत बाकीचे सगळे झोपलेले असतात. रात्री अडीच वाजता साताऱ्याच्या अलीकडं त्या गाडीत जागा एकच माणूस, आणि झोपेची सगळ्यात जास्त गरज त्यालाच. अपघाताच्या बातम्यांत "विमानतळावरून परतताना" हे शब्द कितीदा वाचलेत आपण. गाडी करायचीच असेल तर नाइट हॉल्टचे पैसे आधीच ठरवा, ड्रायव्हरला पनवेलच्या आसपास खोली घेऊन द्या आणि सकाळी चहा घेऊन निघा. याला पर्याय नाही.

गाडी नको असेल तर काय? बहुतेक जण महालक्ष्मी एक्स्प्रेस सुचवतात. ती रात्री निघून सकाळी सीएसएमटीला पोचवते, दुपारच्या विमानाला उत्तमच. पण रात्री दीडच्या विमानासाठी दिवसभर मुंबईत बॅगा घेऊन करायचं काय? अशा वेळी कोयना एक्स्प्रेस. लोक तिला रटाळ म्हणतात, आणि ती आहेच रटाळ, बारा तास घेते. पण सकाळी आठच्या सुमारास कोल्हापुरातून निघते आणि रात्री आठच्या सुमारास सीएसएमटीला लागते. सुटते आपल्याच स्टेशनातून, त्यामुळे बॅगा लावायला निवांत वेळ मिळतो. रात्री दीडच्या विमानाला याहून सोयीची वेळ मागूनही मिळणार नाही. दोन तास उशीर झाला तरी काउंटर उघडा असतो.

सीएसएमटीच्या पुढचं कोडं ऑक्टोबर 2025 मध्ये सुटलं. भुयारी मेट्रो-3 कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, तिचं स्थानक सीएसएमटीला आहे आणि त्याच मार्गावर टर्मिनल 2 चंही. मधे गाडी बदलायची नाही, ट्रॅफिक नाही, तिकीट शंभराच्या आत. गर्दीच्या लोकलमध्ये बॅगा घेऊन शिरणं आणि मग अंधेरीहून रिक्षा शोधणं, हे सगळं गेलं. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते. कोयनेनं फारच रखडवलं तर टॅक्सी करा, तेवढे पैसे खिशात ठेवा.

पुण्याहून विमान असेल तर आणखी सोपं. रेल्वेनं पुणे स्टेशनला उतरा, तिथूनच मेट्रो धरा, रामवाडीला उतरून लोहगावला रिक्षा. एस.टी.नं स्वारगेटला उतरणाऱ्यांना जिल्हा न्यायालयाला मेट्रो बदलावी लागते, एवढंच.

दारातून उचलणाऱ्या शेअर गाड्यांबद्दलही विचारणा असते. एकट्या माणसाला परवडतात, पण आपलं वडाप जसं सीट भरल्याशिवाय हलत नाही, तशी यांचीही जात तीच. पहिल्यांदा उचललेला माणूस तासभर गावभर फिरतो. विमान गाठायचं असेल तर निघायची नव्हे, पोचायची वेळ लिहून घ्या.

तर राजारामपुरीकर, माझं मत असं. मुलगा आणि सोबत वडील किंवा आई, दोघंच कोयनेनं जा. परतीला महालक्ष्मीचं आरक्षण दुसऱ्या दिवशीचं करा, रात्र मुंबईत एखाद्या नातेवाइकाकडं काढा. बाकीच्यांनी कोल्हापूर स्टेशनवर रडून घ्यावं. आजी मात्र येणारच असं म्हणत असतील तर गाडी करा, ड्रायव्हरच्या खोलीसकट.

पुढच्या आठवड्यात मोपा, नक्की. आजरा-आंबोली मार्गानं एस.टी.नं तिथं पोचलेल्या वाचकांनी कुठं उतरलात आणि पुढं कसं गेलात ते कृपया कळवावं.