दातातले पांढरे सिमेंट आणि माउथवॉश

किडलेल्या दातात पूर्वी सरसकट चांदी भरत. आता बहुतेक दवाखान्यांत दाताच्या रंगाचे सिमेंट भरतात. डॉक्टर त्याला कॉम्पोझिट म्हणतात. हातावर पोट असलेल्या घराला हा खर्च सोपा नाही. म्हणून ते जास्त दिवस टिकावे या आशेने काही जण माउथवॉशची बाटली आणतात. पण काही माउथवॉशमुळे हेच सिमेंट कमजोर होऊ शकते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

कॉम्पोझिटमध्ये काचेची अतिशय बारीक भुकटी असते आणि तिला धरून ठेवणारे प्लास्टिकसारखे रेझिन असते. निळ्या प्रकाशाचा दिवा दाखवून ते कडक करतात. भुकटी मजबूत असते, कच्चा दुवा रेझिनचा.

माउथवॉशमध्ये काय असते?

अल्कोहोल : काही माउथवॉशमध्ये ते २० टक्क्यांहूनही अधिक असते. ते रेझिनमध्ये शिरते आणि रेझिन मऊ पडते. मग सिमेंट लवकर झिजते आणि खरखरीत होते. खरखरीत जागी चहाचे, मिश्रीचे डाग बसतात, जंतूंचा थर साचतो.

आम्ल : अल्कोहोल नसलेली काही माउथवॉशही आंबट गुणाची असतात. त्यांचाही पृष्ठभागावर परिणाम होतो.

क्लोरहेक्सिडीन : हिरड्या सुजल्या किंवा दात काढला की डॉक्टर हे औषध लिहून देतात. ते गुणकारी आहे, पण फार दिवस वापरले तर दात आणि सिमेंटच्या कडा तपकिरी होतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घ्यावे. टूथपेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबून ही गुळणी करावी, नाहीतर औषधाचा जोर कमी होतो.

घाबरायचे कारण मात्र नाही. प्रयोगशाळेत सिमेंटचे तुकडे माउथवॉशमध्ये तासन्‌तास बुडवून ठेवतात. रोज दोन मिनिटांच्या गुळणीचा वर्षाचा हिशेब साधारण बारा तास होतो. तोंडात लाळ असते, ती औषध पातळ करते. चार-आठ दिवसांच्या गुळण्यांनी सिमेंट निघून येत नाही. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे रोज वापरण्याचा.

सिमेंट बदलावे लागण्याचे एक मोठे कारण म्हणजे त्याच्या कडेने पुन्हा लागलेली कीड. ती गुळणीने थांबत नाही. त्यासाठी एवढे करावे :

• सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासावेत.
• माउथवॉश घ्यायचेच असेल तर बाटलीवर ‘अल्कोहोल-फ्री’ लिहिलेले पाहून घ्यावे. घटकांच्या यादीत ‘अल्कोहोल’ किंवा ‘इथेनॉल’ हे शब्द शोधावेत. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्यावे.
• सहा वर्षांखालील मुलांना माउथवॉश देऊ नये, ती गिळतात.
• जेवणानंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. त्याला पैसा लागत नाही.
• तंबाखू, मिश्री सोडावी. तोंडाचा वास माउथवॉशने झाकला म्हणून आतला आजार जात नाही.

सिमेंटची कड काळी दिसली, तिथे अन्न अडकू लागले किंवा गार-गोड लागताच दात ठणकला, तर थांबू नये. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालयही आहे. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा खूप कमी खर्चात उपचार होतात.

दातांची निगा आपल्या धम्माला नवी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दातवण वापरण्याची अनुज्ञा दिल्याची नोंद आहे. तोंडाला दुर्गंधी येत नाही आणि अन्नाची चव लागते, असे तिचे फायदेही तिथे सांगितले आहेत. महागड्या बाटलीपेक्षा रोजची ही सवयच भरलेला दात जास्त वर्षे टिकवते.