एक बासरी, दोन वादक?

ऑफिसच्या कलकलाटावर उतारा म्हणून नॉइज कॅन्सलिंग हेडफोन वापरता ना? मग ‘फेज’ नावाची भानगड तुमच्या रोजच्या परिचयाची आहे. बाहेरच्या आवाजाची लहर वर जाते तेव्हा हेडफोन नेमकी खाली जाणारी लहर सोडतो. बेरीज शून्य, तुम्हाला शांतता! पण हीच वजाबाकी न बोलावता गाण्यात शिरली, की सुराची वाट लागते.

माझा एक मित्र अंधेरीतल्या वन रूम किचनमध्ये बसून जिंगल्स आणि शॉर्ट फिल्म्सचं म्युझिक करतो. बजेट म्हणजे चणे-फुटाणे. दर वेळी वादक परवडत नाही, म्हणून त्याने एका बासरीवादकाला दिवसभर बोलावून एकेक सूर तीनदा रेकॉर्ड केला. हळू, मध्यम आणि जोरात. आता कीबोर्डवर सूर दाबायचा, बाजूचं चाक फिरवायचं, की हळू वाजणारं सॅम्पल उतरत जाणार आणि जोरातलं चढत जाणार. यालाच म्हणतात क्रॉसफेड. ऐकायला सोपं! प्रत्यक्षात मी ऐकलं ते भलतंच. मध्येच आवाज पोकळ झाला आणि एकाऐवजी चक्क दोघं जण वाजवतायत असं वाटलं.

फंडा असा. 440 हर्ट्झच्या सुराची एक लहर साधारण 2.27 मिलिसेकंदांची. दोन रेकॉर्डिंग्जमध्ये त्याच्या निम्मा फरक पडला, की एकीच्या शिखरावर दुसरीची दरी येते. सीडी दर सेकंदाला आवाजाच्या 44,100 नोंदी घेते. त्यातल्या जेमतेम 50 नोंदींचा हा घोळ! सोळा व्हायोलिनं एकत्र असतील तर नो टेन्शन, त्यांच्या लहरी मुळातच विस्कटलेल्या असतात. एकटी बासरी मात्र लगेच पकडली जाते.

इलाज किचकट आहे. आधी दोन्ही थर एकाच सुरावर आणायचे. एक 440 वर आणि दुसरा 441 वर राहिला, तर सुरुवात कितीही जुळवा, दर सेकंदाला एकदा ते एकमेकांना खोडणारच. मग स्क्रीनवर झूम करून शिखराला शिखर भिडवायचं. शेवटी फेडचा आकार. न जुळलेल्या आवाजांना ‘इक्वल पॉवर’ फेड लागतो. जुळलेल्यांना तोच लावला तर मध्यावर 3 डेसिबलचा फुगवटा येतो. तिथे साधा सरळ रेषेतला फेडच बेस्ट.

दोन रात्री जागून मित्राने सगळं जुळवलं. आवाज लोण्यासारखा झाला, पण बासरी मेली! इस्त्री मारताना वादकाचा कंप आणि फुंकर दोन्ही सपाट झाले होते. मग त्याने फुंकरीचा आवाज वेगळा थर म्हणून ठेवला. त्यात ठरावीक लहरच नसते, त्यामुळे जुळवायचा प्रश्न नाही. कंप नंतर दोन्ही थरांना एकदम दिला. तेव्हा कुठे एकच माणूस वाजवतोय असं वाटलं.

तरीही आता मागे वाजणाऱ्या दोन-चार सुरांसाठी तो ही सॅम्पल्स वापरतो. बासरी पुढे असेल, तर बजेटला कात्री दुसरीकडे लावून त्या वादकालाच फोन करतो. मला विचाराल, तर त्या दोन रात्रींची खरी कमाई हीच.