उरलेलं अर्धं तिकीट

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट लागतं, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्या तिकिटाचं उरलेलं अर्धं कुठं जातं, याचा हिशेब तुमच्यापैकी कितीजणींनी ठेवलाय?

हसू नका. मला हा प्रश्न सुचला तो एका फजितीतून. आम्ही राहतो शिरोली एमआयडीसीच्या शेजारी. कारखान्याच्या पाळीप्रमाणे आमच्या घरातला दिवस उजाडतो आणि मावळतो. कधी नव्हे ती दोन दिवसांची सवड मिळाली, म्हणून मी आणि माझ्या जाऊबाई मुलाला घेऊन एका मोठ्या शहरात गेलो. 'ह्यां'नी एस.टी.च्या जागा राखून दिल्या होत्या, माझ्या फोनमध्ये पैशांची सोय करून दिली होती. सगळी व्यवस्था चोख!

शहरातल्या बसमध्ये चढलो आणि मी ऐटीत म्हटलं, ''तीन अर्धी द्या.'' कंडक्टर म्हणाले, ''ताई, इथं बायकांना अर्धं नाही.'' बरं, म्हणून फोन काढला, तर पैसे पाठवताना घालायचा पिन मला ठाऊकच नाही! तो 'ह्यां'नी घातलेला, आणि हे पाळीवर. फोन उचलतंय कोण? पर्समध्ये एकच पाचशेची नोट. शेवटी शेजारच्या आजींनी आपल्या बटव्यातून सुटे काढून दिले. वीस वर्षं संसाराची पै न् पै सांभाळणारी मी, आणि वीस रुपयांचं तिकीट काढता येऊ नये? त्या दिवशी काय पाहिलं ते विसरले, पण आजींचा तो बटवा नाही विसरले.

घरी आल्यावर वही घेऊन बसले. त्यातलं थोडं तुमच्यासाठी.

पहिली गोष्ट, सवलत कुठं आहे आणि कुठं नाही. 'महिला सन्मान योजने'खाली १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायकांना ५० टक्के सवलत मिळते. साधी लाल गाडी असो की शिवनेरी. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहेच. सासूबाई-सासरे पंचाहत्तरी ओलांडलेले असतील, तर २६ ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा एस.टी.चा प्रवास फुकट. मात्र वयाचा पुरावा जवळ हवा.

पण ही सवलत एस.टी.ची आहे, शहर बसची नव्हे. आपल्या शिरोलीहून कोल्हापूरच्या स्टँडवर नेणारी के.एम.टी. महापालिकेची. तिला ती लागू नाही. पुण्याची पी.एम.पी.एम.एल. वेगळी, मुंबईची बेस्ट वेगळी. माहेर बेळगावकडचं असेल, तर आणखी एक ध्यानात ठेवा. एस.टी.ची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पलीकडे कर्नाटकात ११ जून २०२३ पासून सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही खरं, पण ते तिथं राहणाऱ्या बायकांना. आपण पाहुण्या! पैसे काढून ठेवावेत.

दुसरी गोष्ट, शहरात गेल्यावर फेऱ्या मोजाव्यात. पुण्याचंच उदाहरण घेऊ. आपल्याला हमरस्त्याने सरळ, आणि एस.टी. स्वारगेटला उतरवते. १ जून २०२५ ला तिथल्या शहर बसचे दर वाढले. ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, १० किलोमीटरपर्यंत २० रुपये आणि दिवसाचा पास ७० रुपये. मग पास घ्यावा की न घ्यावा? गणित आपल्या भाजीवालीच्या हिशेबाइतकंच सोपं आहे. वीसच्या तीन फेऱ्या केल्या तर होतात साठ, पास नको. चौथी फेरी झाली की ऐंशी, म्हणजे पास स्वस्त. पास कंडक्टरकडे मिळतो, ओळखपत्र मात्र बरोबर ठेवा.

स्वारगेटहून मंडईला जायचं, तर २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखालून मेट्रो धावते. मंडईला उतरलं की तुळशीबाग पायाखाली. मेट्रोचा कागद बसच्या तिकिटासारखा चुरगाळून टाकू नका हं! बाहेर पडताना तोच दाखवावा लागतो, तेव्हा दार उघडतं. शिवाय उतरल्यावर चालण्यासारखं अंतर असेल तर सरळ चालावं. बायकांनी बाजारात चालायला कधी कंटाळा केलाय?

तिसरी गोष्ट, पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. फोनने पैसे देता येतात, एस.टी.च्या कंडक्टरकडच्या नव्या यंत्रावरही देता येतात. पण फोनची बॅटरी उतरते, रेंज जाते. म्हणून दहा-वीसच्या नोटा आणि थोडी नाणी एका लहान बटव्यात वेगळी. हा बटवा पर्सच्या तळाशी नको, हाताशी हवा. मोठी नोट निघण्याआधीच घरी मोडून घ्यावी. आणि तो पिन! तो आपला आपण ठरवायचा, आपल्या डोक्यात ठेवायचा. 'ह्यांना विचारते' हे उत्तर चालत्या बसमध्ये उपयोगाचं नाही.

आता पुन्हा माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. समजा, जाण्याचं पूर्ण तिकीट ४०० रुपये आहे. आपण दिले २००. येतानाही २००. म्हणजे चारशे रुपये वाचले. ते गेले कुठं? तेलाच्या पिशवीत, नाहीतर मुलाच्या वह्यांत. घरासाठीच गेले, मान्य. पण सवलत आपल्या नावावरची, मग तिच्यातला एक रुपयाही आपल्या हाती राहू नये?

मी आता एक जुना चहाचा डबा वेगळा ठेवलाय. माहेरी जाऊन आले, लग्नाला जाऊन आले, की वाचलेले पैसे त्यात. वरच्या हिशेबातले चारशे घेतले, तर त्यात पुण्याच्या दोन दिवसांचे पास बसतात, एकशे चाळीस रुपयांत, आणि वर भेळही होते. शहर बस सवलत देत नाही ना? न देवो. एस.टी.ने दिलेलं अर्धं तिथं पुरतं.

'ह्यां'नी डबा पाहिला तेव्हा विचारलं, ''हे कशाचे?'' मी म्हटलं, ''माझ्या उरलेल्या तिकिटाचे.'' हसले, आणि दुसऱ्या दिवशी मलाच म्हणाले, ''पन्नासचे सुटे आहेत का गं?''

दिले. पण डब्यातले नाहीत!