फिक्या रंगांचे घर: निवड उजेडाची आणि माणसांची

चतुर्थी जवळ येऊ लागली की गोव्यातील घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. एके काळी चुन्याची सफेदी आणि दारा-खिडक्यांना तेलरंगाचा एक हात एवढ्यावर तो मिटत असे. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा या शहरांत सदनिका वाढल्या, तशी रंगाची आवडही बदलली. मोतिया, धुवट पांढरा, बदामी, वाळूसारखा, फिका राखाडी अशा शांत, तटस्थ रंगांकडे अनेक कुटुंबांचा कल दिसतो. हे रंग लहान खोली मोकळी भासवतात आणि सामान बदलले तरी खटकत नाहीत. तरीही रंगपत्रिकेत मोहक वाटलेली छटा भिंतीवर चढल्यावर मळकट किंवा रुग्णालयासारखी दिसते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. फिका रंग निवडणे सोपे असते, या समजुतीत या निराशेचे मूळ आहे. रंग जितका फिका, तितका तो खोलीतील उजेडावर आणि शेजारच्या वस्तूंवर अवलंबून असतो.

दडलेली झाक

तटस्थ म्हणून ओळखले जाणारे रंग सहसा पूर्णपणे तटस्थ नसतात. बदामी रंगात पिवळी, गुलाबी किंवा हिरवट झाक असते. राखाडीत निळी, जांभळी वा हिरवी. रंगपत्रिकेवरील बोटभर चौकोनात ती जाणवत नाही. खोलीत मात्र चारही भिंती एकमेकींवर उजेड परावर्तित करतात आणि ती झाक ठळक होते. ती आधीच ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे नमुना कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहणे. त्याच पट्टीवरील सर्वांत गडद छटा पाहिली, तरी फिक्या रंगात दडलेला मूळ रंग उघड होतो.

शेजारच्या रंगाचा प्रभाव तितकाच महत्त्वाचा आहे. पॅरिस येथील गोबलँ या विणकामाच्या सरकारी कारखान्यातील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे काळा धागा निस्तेज दिसतो अशी तक्रार आली होती. दोष धाग्याच्या रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत आहे, असे त्यांच्या लक्षात आले. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी या परिणामाचा नियम मांडला: शेजारी आलेले दोन रंग एकमेकांतील फरक वाढवून दाखवतात. सदनिकेत हाच अनुभव येतो. पिवळसर हस्तिदंती फरशीच्या शेजारी निळसर राखाडी भिंत आली की फरशी जुनाट आणि भिंत थंड दिसू लागते.

म्हणून सुरुवात भिंतीपासून करू नये. फरशी, स्वयंपाकघरातील ओट्याचा दगड, दारांचे पॉलिश, न्हाणीघरातील टाइल्स या गोष्टी सहजासहजी बदलत नाहीत. त्यांची झाक उबदार आहे की थंड, हे प्रथम ठरवावे आणि भिंतीचा रंग त्याच कुळातील घ्यावा.

पावसाळ्याचा उजेड

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मे महिन्याच्या लख्ख उन्हात निवडलेला राखाडी रंग जुलैच्या ढगाळ दुपारी उदास वाटतो, कारण ढगांतून झिरपणारा उजेड मंद आणि निळसर असतो. उत्तरेकडील खोलीतही उजेड बहुतांशी असाच थंड राहतो. तेथे पिवळसर किंवा किंचित गुलाबी झाक असलेला पांढरा रंग उपकारक ठरतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी तांबूस ऊन येते. तेथे बदामी रंग फारच पिवळा दिसतो, तर किंचित राखाडी छटा समतोल साधते.

रंग किती उजेड परत फेकतो हे मोजण्यासाठी शून्य ते शंभर असा एलआरव्ही नावाचा अंक वापरला जातो. काही कंपन्या तो छटेच्या माहितीत देतात. अंक मोठा, तर भिंत अधिक उजळ. दाटीवाटीच्या इमारतींत खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा अंक ७० च्या पुढे असलेली छटा निवडणे हिताचे. छतासाठी त्याहूनही उजळ रंग असावा.

निवड पक्की करण्यापूर्वी दोन फूट लांब-रुंद जाड पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा खोलीतील निरनिराळ्या भिंतींवर टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर प्रकाश देतो. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. पहिल्याखाली बदामी रंग खुलतो, दुसऱ्याखाली तोच फिकट आणि निर्जीव होतो. एका खोलीत दोन जातींचे दिवे लावले तर एकाच रंगाच्या दोन भिंती वेगळ्या दिसतात. त्यामुळे रंगाबरोबर दिवेही ठरवावेत.

घरातील वडीलधारी

फिक्या रंगसंगतीचा एक धोका क्वचितच बोलला जातो. उतारवयात डोळ्यातील भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते, पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश घटतो आणि जवळजवळच्या छटांमधील फरक ओळखणे कठीण जाते. तरुण नजरेला प्रसन्न वाटणारी पांढरी फरशी, पांढरी भिंत आणि पांढरे दार आजी-आजोबांना एकसलग धुके वाटू शकते. न्हाणीघराचा उंबरा, बाल्कनीची पायरी, पांढऱ्या भिंतीवरील पांढरे बटण, पांढऱ्या टाइल्समध्ये हरवलेले कमोडचे आसन या जागा अडखळण्याच्या आणि पडण्याच्या आहेत. म्हातारपणी एका पडण्याने मोडलेले खुब्याचे हाड संपूर्ण घराची घडी विस्कटून टाकते.

इमारतींच्या सुगम्यतेविषयी ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या बीएस ८३०० या मानकात लगतच्या महत्त्वाच्या पृष्ठभागांमध्ये एलआरव्हीचा ३० अंकांचा फरक सुचवला आहे. आपल्याकडे तो साधण्यासाठी शांत रंगसंगती मोडावी लागत नाही. उंबऱ्याला गडद दगड, पायरीच्या कडेला तपकिरी पट्टी, दाराच्या चौकटीला सागवानी पॉलिश, बटणांभोवती राखाडी चौकट, न्हाणीघरातील आधाराच्या दांडीमागे गडद टाइल्स एवढे पुरेसे आहे. फिक्या घरात गडद रंग शोभेसाठी विखरून टाकण्यापेक्षा जेथे हात आणि पाय पडतात तेथे खर्ची घालावा.

लहान मुले आणि ओल

मॅट रंग भिंतीचा उंचसखलपणा झाकतो, पण डाग धरून ठेवतो. सॅटिनसारखा किंचित चमकदार रंग ओल्या फडक्याने पुसता येतो, मात्र पुट्टीतील चुका उघड्या पाडतो. जुन्या घरांत भिंतीच्या खालच्या भागाला तेलरंगाचा गडद पट्टा असे. त्यामागे हाच व्यवहार होता. आजही मुले असलेल्या घरात खालचे चार फूट धुता येण्याजोग्या, एक पायरी गडद छटेत आणि वरचा भाग मॅट उजळ रंगात ठेवल्यास दोन्ही हेतू साध्य होतात.

फिक्या भिंतीवर ओलीचा डाग आणि काळी बुरशी सर्वांत आधी दिसते. त्यावर नवा रंग चढवणे म्हणजे एका पावसापुरती मलमपट्टी. आधी गळती शोधावी, बाहेरील भेगा बुजवाव्यात, सुटलेले पोपडे खरवडावेत. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये, म्हणजे भर पावसाळ्यात येते. सणासाठीचे मोठे काम मेअखेर उरकावे, अन्यथा दिवाळीनंतर भिंती सुकल्यावर हाती घ्यावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, असा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीच्या तेलरंगात शिसे असू शकते. म्हणून जुना रंग कोरडा न घासता ओला करून खरवडावा आणि मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावे.

आपल्या मातीतील रंगसंगती

मोजक्या रंगांचे घर ही परदेशी नियतकालिकांतून आलेली कल्पना मानण्याचे कारण नाही. गोवा, कोकण आणि कारवार भागांतील मंदिरांवरील कावी कलेत पांढरा चुना आणि जांभ्या मातीची तांबडी काव असे दोनच रंग असतात. वरचा तांबडा थर कोरून खालचा पांढरा उघडा करायचा, एवढ्यावर भिंत सजते. जुन्या घरांत चिऱ्याचा तांबूसपणा, चुन्याची सफेदी, लाकडाचा तपकिरी रंग आणि खिडक्यांतील शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधाळ उजेड यांचा सुंदर मेळ असे. सदनिकेतही धुवट पांढऱ्या भिंती, फणसाच्या किंवा सागवानी लाकडाचा एखादा जुना पेटारा आणि कुणबी वस्त्राच्या तांबड्या चौकटींचे दोन अभ्रे हा मेळ साधतात. ताग आणि काथ्याची जाजमे मात्र पावसाळ्यात बुरशी धरतात. जूनपूर्वी ती उन्हे दाखवून गुंडाळून ठेवावीत आणि सुती सतरंजी अंथरावी.

काम संपल्यावर छटेचा क्रमांक, कंपनीचे नाव आणि चमकेचा प्रकार वहीत लिहून ठेवावा आणि उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकण लावून राखून ठेवावा. फिक्या भिंतीला वर्षभरात कोठेतरी ठिगळ लावावे लागतेच आणि नजरेच्या अंदाजाने आणलेला पांढरा रंग जुन्या पांढऱ्याशी क्वचितच जुळतो.