रूपामागचे कारण : देवगिरीच्या परिसरात जाहिरातकलेचा शोध

जाहिरातीची अक्षरे रेखणारा, बोधचिन्हे घडवणारा, वेष्टनांची व भित्तिपत्रकांची मांडणी करणारा जो कलावंत, ज्याला आज सर्वत्र ग्राफिक डिझायनर म्हणतात, तो आपली रूपे कोठून आणतो, हा प्रश्न मराठीत जितक्या गांभीर्याने विचारला जावयास हवा होता तितका तो विचारला गेलेला नाही. कवीच्या प्रतिभेवर आपण ग्रंथ लिहिले, चित्रकाराच्या शैलीची चिकित्सा केली. परंतु ज्याचे काम वर्तमानपत्राच्या पानावरून, किराणा दुकानाच्या फळीवरून आणि एस.टी.च्या थांब्यावरून प्रत्यही आपल्या दृष्टीस पडते, त्याच्या प्रेरणेचा शोध मात्र आपण परदेशी पुस्तकांवर सोपवला. माझ्या मते त्या प्रेरणेचे मूळ परिसरातच, म्हणजे वस्तीत, बाजारात, दफ्तरात आणि रस्त्यावरच्या फलकांत असते. पण ते हाती लागण्यास एक अट आहे. दिसणारे रूप नुसते उचलून भागत नाही, ते रूप ज्या कारणाने तसे झाले ते कारण ओळखावे लागते. हे पडताळून पाहण्यास दौलताबादसारखे स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण लोकांना काही सांगण्याची जवळजवळ सर्व साधने, मनोरा, तोफ, कागद, लिपी, भारूड आणि दुकानाची पाटी, या एका मुलखात एकमेकांच्या शेजारी आली आहेत.

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर देवगिरीचा तासलेला डोंगर एकाएकी उभा राहतो. बाराव्या शतकात यादवांनी येथे राजधानी केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने तिच्यावर स्वारी केली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणून गावाचे दौलताबाद असे नामकरण केले. आणि पुढे बहमनी, निजामशाही, मोगल व आसफजाही अशा राजवटी येथून गेल्या. प्रत्येक राजवटीपुढे एकच अडचण होती. ज्याला वाचता येत नाही, ज्याची भाषा निराळी आहे आणि जो दूर उभा आहे, अशा माणसापर्यंत आपली आज्ञा, आपला विजय आणि आपला दरारा पोहोचवायचा कसा? जाहिरातकलेपुढची अडचणही नेमकी हीच आहे.

किल्ल्यात प्रवेश केल्यावर जो चांद मिनार दिसतो तो पंधराव्या शतकातला, बहमनी सुलतान अलाउद्दीन याच्या काळातला. त्याची उंची सुमारे ६३ मीटर आहे आणि एके काळी त्याच्या अंगावर झिलईच्या रंगीत फरशा होत्या. विजयस्मारक म्हणून ज्याची ख्याती आहे त्या या मनोऱ्याला आपला मजकूर मैलोगणती दूर न्यायचा होता, म्हणून त्याच्या रचनाकारांनी सूक्ष्म नक्षीवर भिस्त न ठेवता उंची, सज्जांनी पाडलेले स्पष्ट टप्पे आणि उन्हात चमकणारा रंग या तीन गोष्टींवर ठेवली. चौकातला मोठा फलक उभारणाऱ्याने आजही याच तीन गोष्टींचा हिशेब प्रथम करावयाचा असतो. त्याहून बोलके उदाहरण चिनी महालाजवळच्या बुरुजावरील तोफेचे. तिच्यावर फारसी लेख आहे, आणि ‘किलाशिकन’, किल्ला फोडणारी, असे तिचे भारदस्त नाव आहे. परंतु ओतकाराने तिच्या मागील टोकास मेंढ्याचे शिर घडवले, आणि लोकांनी लेख बाजूस ठेवून ते शिर तेवढे लक्षात ठेवले. आज लहान मुलापासून वाटाड्यापर्यंत सारे तिला मेंढा तोफच म्हणतात. टक्कर देणारा प्राणी सर्वांच्या नित्य परिचयाचा होता, तोफेचे कामही टक्कर देण्याचे होते, आणि शिर योग्य जागी, हाताला लागेल अशा उंचीवर होते. बोधचिन्ह यशस्वी होण्यास जे जे लागते ते सर्व या ओतकामात पुरेपूर आहे.

किल्ल्याकडून खुलताबादच्या दिशेने घाट चढला की कागजीपुरा हे गाव लागते. तुघलकाच्या लवाजम्याबरोबर आलेल्या कारागिरांनी ते वसवले, असे तेथील कागजी परंपरेने सांगतात. चिंध्या आणि जुन्या दोरखंडांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवावे, कुटून त्यांचा लगदा करावा, तो हौदात कालवून चाळणीवर उचलावा, ओला ताव भिंतीला लावून वाळवावा, खळ द्यावी आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटावा, असा हा उद्योग. मराठेशाहीच्या दफ्तरांत ‘दौलताबादी कागद’ हा एक नावाजलेला प्रकार होता. घोटाईचे काम केवळ शोभेसाठी होते अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर झाली पाहिजे. खळ न दिलेल्या कागदावर शाई पसरते आणि न घोटलेल्या कागदावर बोरूचे टोक अडखळते. म्हणून ज्या राज्यकारभाराला शेकडो पत्रे, सनदा आणि रोजकीर्दी झपाट्याने लिहवून घ्यावयाच्या होत्या, त्याच्या लिपीला असा गुळगुळीत कागद मिळणे अगत्याचे होते.

ती लिपी म्हणजे मोडी. तिच्या प्रचाराचे श्रेय परंपरा यादवांच्या हेमाद्रीला, म्हणजे श्रीकरणाधिप हेमाडपंताला देते, आणि त्या परंपरेने मोडीचा संबंध याच देवगिरीशी जोडला आहे. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढतो, आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलून अक्षरे तिच्याखाली गुंफीत जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तो पाळीत नाही, शब्दांत अंतर सोडीत नाही. मोडीची ती डौलदार वळणे सौंदर्याच्या हव्यासातून जन्मलेली नाहीत, ती वेगाच्या गरजेतून जन्मली आहेत. हे ध्यानात न घेता जो जाहिरातकार केवळ ‘ऐतिहासिक’ वातावरणासाठी देवनागरी अक्षराला मोडीचा एखादा फाटा चिकटवतो, त्याचे अक्षर दोन्हीकडून उपरे होते. ज्याला कारण समजले तो मात्र त्याच लिपीतून आजच्या कामाला उपयोगी असा प्रवाह काढू शकतो. त्याचे उदाहरण पुढे येईलच.

दौलताबादच्या इतिहासातील जी व्यक्ती मला या विषयाच्या केंद्रस्थानी दिसते, ती कोणी चितारी किंवा ओतकार नाही, ती म्हणजे एकनाथ महाराज. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे येथील किल्लेदार होते, आणि तरुणपणी नाथांनी त्यांच्या पदरी राहून हिशेबाचे काम केले; एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवल्याची आख्यायिका घराघरांत सांगितली जाते. दफ्तराचा हा सहवास त्यांच्या वाणीत कसा उतरला ते पाहण्यासारखे आहे. नाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी आणि गोंधळी आहेत, जोहार घालणारा आहे, आणि त्यांच्याच पंक्तीस अर्जदस्त, ताकीदपत्र आणि अभयपत्र आहेत. सरकारातून निघणारा आणि सरकारात जाणारा जो कागद रयतेच्या भयाचा, आशेचा आणि कुतूहलाचा विषय होता, त्याचाच मायना, त्याचाच क्रम आणि त्याचीच फारसीमिश्रित परिभाषा नाथांनी उचलली आणि त्या चौकटीत परमार्थाचा मजकूर भरला. अर्ज म्हटला की ऐकणाऱ्याने कान टवकारावे, कारण अर्जावर त्याचे पोट अवलंबून असे. नाथांना हे ठाऊक होते. सोळाव्या शतकातील हे काम आधुनिक अर्थाने संकल्पनाचेच काम आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. भोवतालच्या परिचित रूपाचा लोकांच्या मनावरील अंमल ओळखणे आणि तो नव्या हेतूच्या सेवेस लावणे, याहून निराळे असे जाहिरातकला तरी काय करते?

आजच्या दौलताबादच्या रस्त्यावरही ही परंपरा वाचता येते. मोसमात सीताफळांच्या राशी मांडून बसलेले विक्रेते, ढाबे, रसवंतिगृहे, बी-बियाणांच्या व सिमेंटच्या जाहिरातींनी रंगवलेल्या भिंती, मालमोटारींच्या पाठीवरची अक्षरे आणि मराठी, उर्दू व इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहिलेल्या दुकानांच्या पाट्या यांकडे कलाशिक्षण घेतलेला तरुण बहुधा गावंढळ म्हणून पाहतो. वास्तविक भिंत रंगवणारा पेंटर कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय कठीण प्रश्न सोडवीत असतो. तो आधी चुन्याचा हात देतो, दोरी ताणून शिरोरेषा व तळरेषा पाडतो, खडूने अक्षरांचा सांगाडा बांधतो आणि मग कुंचला धरतो. धावत्या वाहनातून क्षणभरात वाचले जावे म्हणून तो अक्षराचा दंड जाड करतो, त्यातील पोकळी मोकळी ठेवतो आणि एका बाजूस गडद छाया देऊन अक्षर भिंतीपासून सुटे करतो. उकार-वेलांटीसाठी ओळींत किती जागा सोडावी हे त्याचा हात जाणतो. उर्दूची उजवीकडून येणारी ओळ आणि मराठीची डावीकडून निघणारी ओळ एकाच पाटीवर नांदवण्याचे जे कौशल्य मराठवाड्यातील पेंटरांच्या हातांत आहे, ते मुंबई-पुण्याच्या कितीएक कार्यालयांतही दुर्मीळ आहे.

मुंबईत सर जे. जे. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि जाहिरातकलेस शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळाली. त्या परंपरेत शिकलेले रघुनाथ कृष्ण जोशी यांनी उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक म्हणून दीर्घकाळ काम केले, आणि नंतर पवईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. कवी, सुलेखनकार आणि जाहिरातकार या तिन्ही नात्यांनी त्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला: भारतीय लिपींचे सौंदर्य त्यांच्या लेखनक्रियेतून समजून घ्यावे आणि ती समज नव्या यंत्रापर्यंत न्यावी. संगणकावर कोट्यवधी लोकांनी ज्यात मराठी-हिंदी वाचले तो ‘मंगल’ टंक त्यांचाच. दफ्तरातल्या कारकुनापुढे कागदाची अडचण होती, जोशींपुढे पडद्यावरील ठिपक्यांच्या विरळ जाळीची. साधन बदलले, विचाराची पद्धत तीच राहिली.

कमल शेडगे यांची गोष्ट आणखी निराळी. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात उमेदवारी केलेल्या या अक्षरकाराने मराठी नाटकांच्या शीर्षकांना असे रूप दिले की नाटक पाहण्याआधी त्याचा स्वभाव वाचकाला कळावा. वर्तमानपत्रातील नाटकाची जाहिरात म्हणजे दोन-चार बोटांची जागा, साधा कागद, काळा एकच रंग आणि शेजारी वीस स्पर्धक; चित्राला वाव नाही, म्हणून अक्षरालाच अभिनय करावा लागे. ‘मत्स्यगंधा’सारख्या शीर्षकाला एक वळण आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ला दुसरे, असा भेद करणारी त्यांची नजर रंगभूमीच्या, इतिहासाच्या आणि बाजाराच्या निरीक्षणातून तयार झाली होती. २०२० मध्ये ते गेले, तेव्हा मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांना अक्षराचा स्वभाव ओळखण्याची सवय त्यांनी लावून ठेवलेली होती.

अच्युत पालव यांनी उल्काच्याच संशोधन शिष्यवृत्तीवर मोडीचा अभ्यास केला, आणि देवनागरी व मोडी यांच्या संयोगातून ‘मुक्तलिपी’ सिद्ध केली. त्यांनी मोडीचा फाटा उसना घेतला नाही, तिचा ओघ घेतला. म्हणूनच त्यांचे अक्षर जुने न वाटता जिवंत वाटते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हा शासनदरबारी मराठी अक्षराचाही सन्मान होय. त्यानंतरच्या पिढीतील ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाने मोदकाच्या फुगीर आकारावरून ‘मोदक’ नावाचा टंक घडवला. त्यात गोडव्याची कल्पना दिसतेच. पण खरी कामगिरी वेगळी आहे. अक्षर इतके स्थूल केले असता आतील पोकळी बुजते, आणि तरीही ते वाचता यावे, हा प्रश्न त्यांनी निव्वळ बारीक फटींच्या योजनेने सोडवला. स्वयंपाकघरातील वस्तूने कल्पना दिली, ती पार पडली अक्षरविद्येच्या बळावर.

या सर्व उदाहरणांतून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिला बगल देणे मला शक्य नाही. परिचित रूपाजवळ लोकांचा विश्वास साठवलेला असतो. जो ते रूप वापरतो तो त्या विश्वासावर उचल घेतो. नाथांनी अर्जदस्ताचे वजन उसने घेतले आणि त्याच्या मोबदल्यात रयतेला तिच्या हिताची गोष्ट दिली. आज सरकारी नोटिशीचा आव आणून कर्ज विकणारी किंवा वैद्याच्या चिठ्ठीसारखी दिसून औषध खपवणारी जाहिरात तेच वजन लुबाडते. परिसरातून प्रेरणा घेणाऱ्यावर परिसराचे ऋण चढते, आणि ते सचोटीनेच फेडावे लागते.

हे ऋण फेडण्याची निकड आता वाढली आहे. फ्लेक्सच्या छपाईने पेंटरांचे काम झपाट्याने हिरावले. एकाच साच्यातले वाढदिवसाचे फलक गावोगाव लागतात, आणि दोन लिपी एका पाटीवर नांदवणारे हात वृद्ध होत चालले आहेत. यावर उसासे टाकून काही साधणार नाही, तजवीज करावी लागेल. शहरातील शासकीय कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी दौलताबाद ते खुलताबाद या रस्त्यावरील पाट्यांची छायाचित्रे, मापे आणि त्या लिहिणाऱ्यांच्या कामाच्या रीती यांची नोंद करावी. पेंटरांना वर्गात सन्मानाने बोलावून कुंचला धरावयास सांगावे. कागजीपुऱ्याच्या कागदावर बोरूने मोडीच्या चार ओळी प्रत्येकाकडून लिहवून घ्याव्या, म्हणजे घोटाई, वेग आणि वळण यांचे नाते बोटांना कळेल. एवढे केले तरी जो विद्यार्थी उद्या एखाद्या दूधसंघाचे वेष्टन किंवा एखाद्या बचतगटाचे चिन्ह घडवील, तो दुसऱ्याचे रूप मागण्यास जाणार नाही. समोरच्या माणसाला काय वाचता येते, तो कोठे उभा आहे, त्याला कशाचा भरवसा वाटतो, हे प्रश्न तो स्वतःच विचारील, आणि त्याचे रूप त्या उत्तरांतून घडेल. मराठी जाहिरातकलेला स्वतःचा चेहरा मिळावयाचा तो याच मार्गाने मिळेल.