सिल्वासा, १९५४: तुटपुंज्या साधनांची मोहीम

साधने कमी असली की काम नेमके करावे लागते. १९५४ साली दादरा व नगर हवेलीतले सिल्वासा पोर्तुगिजांकडून सोडवायला निघालेल्यांकडे ना फौज होती ना तिजोरी. संगीतकार सुधीर फडके त्यांच्यातले एक. पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठेवला गेला. गाण्यातून बंदुका! भरल्या तिजोरीच्या माणसाला हे सुचले नसते.

माणसे मोजकी, म्हणून लक्ष्यही मोजके: एकेक पोलीस चौकी. वेगवेगळ्या गटांनी २२ जुलैला दादरा, मग नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा घेतले. भूगोलही सोबतीला होता. पोर्तुगिजांच्या दमणहून कुमक यायची ती भारताच्या हद्दीतूनच, आणि ती वाट भारताने अडवली होती. सगळे श्रेय युक्तीला देणे मात्र भाबडेपणाचे. दिल्लीचा कानाडोळाही कामी आला.

पुढची सात वर्षे कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायतीच्या हाती होता. १९६१ मध्ये भारतातील विलीनीकरणाच्या करारावर सही करायला नेहरूंच्या तोलामोलाचे पद हवे होते. म्हणून सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते ‘पंतप्रधान’ नेमले गेले.