ऑइल बदललं, पण रिंग राहिली!

रविवारी सकाळी सात वाजता जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली आडवा झालो होतो. आठवडाभर पुण्यात एसीत बसून माउस हलवणारा माणूस आणि हातात रिंग पाना! फुल हीरोगिरी. तीन व्हिडिओ पाहून झाले होते, ऑइलचा कॅन आणि नवा फिल्टर आदल्या दिवशीच आणला होता. चेंबरचा नट सोडला, काळं तेल घमेल्यात उतरलं, जुना फिल्टर काढला, नवा पिळून बसवला, तेल ओतलं. डिपस्टिकवर लेव्हल परफेक्ट. गॅरेजची मजुरी वाचली म्हणून मी पोहे जरा जास्तच ऐटीत खाल्ले.

मग आई-बाबांना घेऊन तुळजापूरला निघालो. अंतर जेमतेम 45 किलोमीटर. तामलवाडी ओलांडली आणि डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीसारखा लाल दिवा पेटला. “पुढच्या पंपावर बघू,” मी म्हणालो. बाबा म्हणाले, “आधी थांबव.” थांबवली. मागे रस्त्यावर काळी रेघ उमटली होती.

हा दिवा तेल कमी झालंय एवढंच सांगत नाही. तेलाचं प्रेशर गेलंय, असं तो सांगतो. इंजिनात क्रँक आणि बेअरिंगच्या मधे केसापेक्षा पातळ असा तेलाचा थर असतो आणि पंप तो प्रेशरने टिकवून ठेवतो. थर गेला की धातूवर धातू घासतो. मग इंजिन जाम व्हायला काही मिनिटं पुरतात. म्हणजे ‘पुढच्या पंपावर’ माझी मजुरीची बचत अख्ख्या इंजिनाच्या किमतीला पडली असती, आणि तीही हायवेवर, मागे आई बसलेली असताना.

टो करून गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने फिल्टर काढला आणि दोन रबरी रिंगा तळहातावर ठेवल्या. “ही नवी, ही जुनी. एकावर एक बसवल्यात. कुणी केलं ओ हे काम?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलकडे.

झालं होतं असं, की जुना फिल्टर निघाला तरी त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली. ती तेलाने काळी, इंजिनही काळं, दिसणार कशी? तिच्यावर मी नवा फिल्टर चढवला. उभ्या गाडीत दोन रिंगांनी कसंबसं धरलं. हायवेवर प्रेशर वाढलं तशी रिंग सरकली आणि तेल बाहेर. व्हिडिओतल्या दादाने जुनी रिंग काढून दाखवलीही असेल, पण आपण तोवर दुप्पट स्पीडवर गेलेलो असतो ना!

इंजिन वाचलं. पण त्या दुपारी गॅरेजमध्ये बसून जे किस्से ऐकले, त्यात मी अगदीच ज्युनियर निघालो. एकाने चेंबरचा समजून गिअरबॉक्सचा नट सोडला. गिअरचं तेल सांडलं, इंजिनाचं जुनं होतं तिथेच, आणि वरून आणखी तीन लिटर ओतलं. इतकं तेल झालं की फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने प्रेशर धरत नाही. दुसऱ्याने नट गळू नये म्हणून पाय लावून आवळला. चेंबर ॲल्युमिनियमचा, नट लोखंडाचा. आटे गेले! त्या नटाखाली एक वायसर असतो, दहा-वीस रुपयांचा. गळती तो थांबवतो, तुमचा जोर नाही. म्हणून दर वेळी वायसर नवा घालायचा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचंच नाही, स्टँड हवाच. जॅक सरकला तर प्रश्न गाडीचा उरत नाही.

सोलापूरचा खास फंडा तर राहिलाच. “मे महिन्यात इथे 43 डिग्री, मग तेल जाड नको का?” वाटतं खरं, पण गरम इंजिनात तेल तसंही 100 डिग्रीच्या आसपास तापतं. 0डब्ल्यू-20 मधला मागचा आकडा त्याच तापमानाला तेल किती जाड राहतं ते सांगतो, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. गाडीच्या पुस्तकात आपल्या हवेसाठी जो ग्रेड दिलाय तोच घ्या, शेजारच्या काकांचा नको.

आणि ते घमेल्यातलं काळं तेल? खरं सांगतो, मी ते गटारात ओतणार होतो. आमच्या बोअरवेलपासून गटार वीस पावलांवर! वापरलेलं तेल भारतात 2016 च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं, आणि ते परत गोळा होऊन रिसायकल व्हावं ही जबाबदारी एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आहे. मी ते नव्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये दिलं. त्यांच्याकडे पिंप असतं, ते पुढे रिसायकलिंगला जातं.

पुढच्या वेळी पुन्हा मीच बदललं. हौस काही जात नाही, राव! या खेपेला बाबा टॉर्च धरून उभे होते. नवा फिल्टर हातात घेतला तोच वरून आवाज आला, “जुनी रिंग कुठंय?”

मी गाडीखालून हात बाहेर काढून दाखवली.